छापील एकमत

३ जून १८८६

रुसलेल्या घरमालकीणबाईंस,

आपण वडिलांकडे निघून गेल्याला आज आठ दिवस झाले. घर जागेवर आहे, छापखाना जागेवर आहे. चूलही जागेवर आहे, फक्त ती माझ्या हातानं पेटत नाही. पेटली तर विझत नाही. काल जुळारीकाका छपाईचे खिळे जुळवायचे सोडून बादली घेऊन धावत आले.

बाकी इथे सर्व ठीक आहे. शाळेच्या सूचनापत्रात 'मुलांनी वेळेवर यावे' याऐवजी 'मुलांनी वेळेवर खावे' असं छापून गेलं. हेडमास्तर म्हणाले, "बाई घरी नाहीत वाटतं?" मी म्हटलं, "वडिलांची तब्येत बघायला गेल्यात." तुझे वडील ठणठणीत आहेत हे मला ठाऊक आहे. गावाला ठाऊक असायची गरज नाही.

त्या दिवशी जे झालं त्याबद्दल पत्रात काय लिहायचं? एवढंच म्हणतो की 'सर्वानुमते' हा शब्द पुरावा म्हणून धरता येत नाही. तो छापीलच आहे. म्युनिसिपालिटीच्या ठरावाचे दोन हजार फॉर्म मीच छापले, प्रुफं तूच वाचलीस. 'सर्वानुमते मंजूर' हे वर, बाकी ठराव हातानं लिहायला खाली जागा. तेव्हा तू विचारलं होतंस, "आणि कुणी नाही म्हटलं तर कुठे लिहायचं?" मी हसून म्हटलं होतं, "नाही कोण म्हणणार?" तर मुद्दा असा की मी कडाडून विरोध केला असता तरी त्या कागदावर 'सर्वानुमते'च दिसलं असतं.

सोबत एक कागद पाठवतोय. अगदी किरकोळ आहे. पेन्सिलीची फुली आहे तिथे सही कर आणि उलट टपाली धाड. वाचत बसू नकोस, उगाच डोळ्यांना ताण.

परत कधी येतेस तेवढं कळव.

आपला आज्ञाधारक भाडेकरू

&nbsp;

९ जून १८८६

घरमालकीणबाईंस,

कागद परत मिळाला. सही नाही, वर मसुद्यात पेन्सिलीनं चार दुरुस्त्या. साहेबाच्या कचेरीतून आलेला मसुदा होता तो! म्युनिसिपालिटीचे चिटणीस दुरुस्त्या बघून हळूच म्हणाले, "चारही बरोबर आहेत."

आणि खाली तुझा एका ओळीचा प्रश्न. 'सभेत तुमचा हात वर होता की खाली?'

याचं उत्तर एका शब्दात देता येईल, पण त्यानं गैरसमज होईल. म्हणून आधी आमची सभा कशी चालते ते सांगतो. तुला मी घरी येऊन जे सांगायचो त्यात थोडं मीठमसाल्याचं काम असायचं.

पूर्वी कमिटीवर सगळे सरकारनं नेमलेले असायचे. तीन वर्षांपूर्वी नवा कायदा आला आणि आठांतले चार आम्ही निवडलेले झालो. मी एकतीस मतांनी निवडून आलो तेव्हा तू म्हणाली होतीस, "घर माझं, घरपट्टी माझ्या नावाची, आणि मत तुमचं." खरंच आहे ते. मतदारांच्या यादीत माझ्यापुढे 'घराचा उपभोग घेणारा' असंच लिहिलंय.

तर आम्ही आठ जण लांब टेबलाभोवती बसतो. टोकाला साहेब, अध्यक्ष. साहेब बोलतो त्याच्या भाषेत. आठांतल्या एकालाही ती येत नाही. वैद्यबुवांना येते असं ते सांगतात. साहेबाशेजारी चिटणीस, नाकावर चष्मा. साहेबाचं बोलणं संपलं की सगळे चिटणिसांकडे बघतात. चष्मा उतरला तर हात वर करायचे. नाकावरच राहिला तर हात मांडीवर. हे कुणी ठरवलं नाही, पहिल्या महिन्यातच आपोआप जमलं. तासाभरात सभा आटोपते. चहा होतो. आणि बाहेर आल्यावर लोक आम्हाला वाकून नमस्कार करतात. त्या नमस्काराची सवय लागते गं.

त्या दिवशी साहेबानं टेबलावर गावाचा नकाशा पसरला होता. सार्वजनिक संडास कुठे बांधायचा हा विषय. साहेबाचं बोलणं संपलं आणि चिटणिसांना शिंक आली. शिंकताना त्यांनी चष्मा उतरवला. आठ हात वर. छापखान्यामागची तुझी मोकळी जागा, जिथे तुझी कपडे वाळत घालायची दोरी आहे, ती जागा मंजूर.

तर हो. माझा हात वर होता. पण शिंकेमुळे.

आणि घरी येऊन मी सांगितलं की सात जणांशी वाघासारखा भांडलो, पण एकट्याचं काय चालणार! तू मला पाणी दिलंस, वारासुद्धा घातलास. दुसऱ्या दिवशी जागेच्या मालकिणीची संमती घ्यायला चिटणीस दारात. तू त्यांना विचारलंस, "यांनी बराच विरोध केला म्हणे?" आणि चिटणिसांनी 'विरोध' हा शब्द जन्मात पहिल्यांदा ऐकल्यासारखं तोंड केलं. त्यानंतर तुझी पेटी भरायला किती वेळ लागला ते मी मोजलं नाही. फार नाही लागला.

मसुदा पुन्हा पाठवतोय, तुझ्या चार दुरुस्त्यांसकट. सोबत संडासाचा आराखडाही आहे. सही झाली की हा विषय संपला.

भाडेकरू

&nbsp;

१६ जून १८८६

घरमालकीणबाईंस,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तुझ्या वडिलांनी माझी पत्रं वाचली आणि ते पोट धरून हसले, हे कळवायची काही गरज नव्हती.

मला वाटत होतं तू वासाला भिऊन गेलीस. कपड्यांची दोरी, स्वयंपाकघराची खिडकी, त्याबद्दल मी मनात उत्तरं तयार ठेवली होती. आणि तू लिहितेस, 'जागा द्यायला माझी ना नाही. गावाला गरज आहे. मला कुणी विचारलं नाही, याला माझी ना आहे. आणि खोटं बोलणाऱ्या भाडेकरूच्या घरी मी राहायला येणार नाही.' घर तुझंच आहे, तरी 'भाडेकरूच्या घरी' असं लिहिलंस. ते वाचून मी बराच वेळ यंत्राजवळ नुसता उभा राहिलो. जुळारीकाकांना वाटलं यंत्राचा दट्ट्या अडकलाय.

मग आराखड्यावरची तुझी पेन्सिल बघितली. 'सार्वजनिक म्हणता. बायकांचं दार कुठलं?'

मी आराखडा उलटा धरून बघितला, सुलटा धरून बघितला. दार एकच आहे, पुरुषांचं. साहेबानं आखला, इंजिनिअरनं तपासला, आठ हातांनी मंजूर केला, आणि हे एकाच्याही लक्षात आलं नाही. मला लाज वाटली. खरंच वाटली. तू आणि शेजारच्या काकू पहाट व्हायच्या आत तांब्या घेऊन गावाबाहेर जाता. पावसाळ्यात जाता, तापात जाता. बारा वर्षं मी कूस बदलून पुन्हा झोपतोय.

चार सभासदांना जाऊन विचारलं. वैद्यबुवा म्हणाले, "बायकांचं आजवर चाललंच आहे की." मी म्हटलं, "पुरुषांचंही चाललंच होतं, मग बांधता कशाला?" तर ते नाडी बघायला आत गेले. आत रोगी नव्हता. शाळा तपासणारे रावसाहेब म्हणाले, "वरून आलेल्या आराखड्यात आपण दार पाडायचं म्हणजे सरकारच्या भिंतीला भोक पाडणं." लाकडाचे ठेकेदार म्हणाले, "चष्मा काय म्हणतो?" तेलाचे व्यापारी म्हणाले, "माझ्या घरातून तशी काही तक्रार नाही. तरी विचारून बघतो." बिचाऱ्यांनी विचारलं. दोन दिवसांनी रस्त्यात भेटले तर चेहरा उतरलेला. "इतकी वर्षं का विचारलं नाहीत, यावर भांडण चालू आहे," म्हणाले. "गार जेवतोय."

२१ तारखेला सभा आहे. आराखडा मंजुरीला येणार आहे. तू लिहितेस, 'एकदा तरी चष्मा उतरल्यावर हात खाली ठेवून दाखवा.'

हे लिहायला सोपं आहे. तिथे बसल्यावर हाताला आपली अशी एक ओढ असते. आणि कमिटीची सगळी छपाई आपल्याकडे आहे, हेही तुला माहीत आहे. पण बघतो.

नाही, 'बघतो' खोडून वाच. ठेवतो.

भाडेकरू

&nbsp;

२२ जून १८८६

घरमालकीणबाई,

खाली ठेवला.

आता सगळं सांगतो, आणि या वेळी मीठमसाला नाही. चिटणिसांना विचारून खात्री करून घे.

काल सभेत बसल्याबसल्या उजवा हात मांडीखाली घातला आणि वर बसलो. साहेब बोलला. आराखडा दाखवला. चिटणिसांनी चष्मा उतरवला, शिंकबिंक काही नाही, स्वच्छ उतरवला. सात हात वर गेले. माझ्या हाताला मुंग्या आल्या होत्या, तो मनात आणूनही वर गेला नसता.

साहेबानं मोजले. पुन्हा मोजले. चिटणिसांमार्फत विचारलं, "हाताला काही झालंय का?"

मी उभा राहिलो. म्हटलं, "हात ठीक आहे. माझी ना आहे."

चिटणिसांनी फॉर्म बघितला, मागची बाजू बघितली, आणि माझ्याकडे वाकून कुजबुजले, "अहो, ना कुठे लिहू? जागाच नाही. तुम्हीच छापलंय ना?"

साहेबानं फॉर्म ओढून घेतला. त्या एकाच छापील शब्दावर बोट ठेवून विचारलं, हे काय आहे? तीन वर्षं तो शब्द त्याच्या सहीच्या वर होता, पण त्याला आपली लिपी येत नाही. चिटणिसांनी सांगितलं. साहेब म्हणाला, "हे सभेच्या आधीच छापलेलं असतं?"

चिटणीस म्हणाले, "होय साहेब. दोन हजार छापलेत. अजून एकोणीसशे शिल्लक आहेत."

साहेबाचे कान लाल झाले. चिटणिसांनी मला नंतर सांगितलं की साहेब दर वर्षी वर अहवाल पाठवतो आणि त्यात लिहितो, या गावचे सभासद विलक्षण एकोप्यानं वागतात. वरून त्याला शाबासकीही आली होती. मला वाटलं आता छपाईचं काम तर गेलंच, मीही जातो. पण साहेबानं चिटणिसांना फर्मावलं की विषय आपल्या भाषेत, सगळ्यांना समजेल असा सांगा. चष्मा नाकावर ठेवून, हात पाठीमागे बांधून.

तीन वर्षांत पहिल्यांदा आम्ही आमची सभा ऐकली. चिटणीस दोन वाक्यं बोलले आणि वैद्यबुवा दचकून म्हणाले, "म्हणजे हे संडासाचं चाललंय?" त्यांना महिनाभर वाटत होतं की घड्याळाचा मनोरा होणार आहे. मी बायकांच्या दाराचं विचारलं तेही त्यांनी मनोऱ्याचंच धरलं होतं. दोन रोग्यांना त्यांनी 'मनोऱ्याखाली दवाखाना हलवतोय' असंही सांगून टाकलं होतं.

मग मी तुझा प्रश्न मांडला. तुझा म्हणूनच मांडला. म्हटलं, "जागेची मालकीण विचारते आहे, बायकांचं दार कुठलं?" कुणी खोकलं, कुणी छताकडे बघितलं. तेलाचे व्यापारी एकदम उठून म्हणाले, "दार पाहिजे! लवकर पाहिजे!" इतक्या कळकळीनं त्या खोलीत आजवर कुणी बोललेलं नव्हतं.

मतं घेतली. चिटणीस हात बांधून उभे, चष्मा नाकावर, आणि सगळे त्यांच्याकडे बघताहेत आणि काहीच कळत नाहीये. ठेकेदारांनी तर हात अर्धा वर करून तसाच धरला. साहेबानं विचारलं, वर की खाली? ते म्हणाले, "जसं बाकीच्यांचं असेल तसं." शेवटी दोन दारांच्या बाजूनं तीन, विरुद्ध पाच. तिसरे वैद्यबुवा. मनोरा नाही म्हटल्यावर त्यांना कुणावर तरी राग काढायचा होता.

हरलो. पण मोजले गेलो. घरी येताना नमस्कार कमी झाले आणि शेजारच्या काकूंनी भाजीची वाटी आणून ठेवली. 

उठताना साहेबानं विचारलं, "मालकिणीची सही झाली का?" नाही म्हटलं. का? म्हटलं, "तिला कुणी विचारलंच नव्हतं." चिटणिसांनी हे भाषांतर करायला बराच वेळ घेतला.

नव्या फॉर्मचा खर्डा सोबत आहे. 'बाजूने', 'विरुद्ध', 'मत राखून ठेवणारे', तिन्हींना जागा ठेवल्यात. प्रूफ वाचून पाठव. तुझ्याशिवाय मी यावर शाई लावणार नाही.

&nbsp;

२९ जून १८८६

बाईसाहेब,

तुझा संमतीचा कागद पोचला. सही आहे, आणि सहीच्या वर तुझ्या टपोऱ्या अक्षरात, 'दोन दारे असतील तर. नसतील तर कपडे वाळत घालीन.'

चिटणिसांनी तो काल सभेत वाचला. साहेबानं विचारलं, दुसरी जागा आहे का? ठेकेदारांनी आपल्या वखारीशेजारच्या जागेचं नाव निघताच सांगितलं की दोन दारं ही काळाची गरज आहे. सहा विरुद्ध दोन. दोन दारं मंजूर. बहुमताने. चिटणिसांनी 'सर्वानुमते'वर रेघ मारून तसं हातानं लिहिलं.

छपाईचं काम गेलेलं नाही. उलट दोन हजार नवे फॉर्म हवेत. फॉर्मच्या प्रुफात तू तळाशी एक ओळ वाढवलीस, 'ज्यांच्यासाठी हे काम आहे त्यांना विचारले काय?' तीही साहेबानं ठेवून घेतली. म्हणाला, ही ओळ कुणाची? मी सांगितलं. आणि या वेळी चिटणिसांनी झटकन भाषांतर केलं.

मला वाटलं होतं एवढं झालं की तू निघशील. पण प्रुफाच्या मागे तू बारीक अक्षरात विचारलंयस, 'आता एकच सांगा. शिंक आधी की हात आधी?'

तुला हे कसं कळलं, मला माहीत नाही. बारा वर्षं माझी प्रुफं वाचतेस, त्यातलंच असेल.

हात आधी.

साहेबानं नकाशावर बोट ठेवलं ते मी बघितलं. भाषा कळत नव्हती, पण आपलं घर मला नकाशात ओळखता येतं. तुझी दोरी जिथे असते तिथेच ते बोट होतं. मग साहेबानं वर बघितलं. माझ्याकडे बघितलं आणि हसला. तीन वर्षांत तो माझ्याकडे बघून पहिल्यांदा हसला. चिटणिसांचा चष्मा नाकावरच होता. आणि माझा हात वर गेला. कुणी सांगितलं नव्हतं. त्यानंतर चिटणीस शिंकले, आणि बाकीच्या सातांनी चष्मा नाही, माझा हात बघून हात वर केले. घरमालकानंच हो म्हटल्यावर त्यांनी का नाही म्हणावं?

एका हसण्यासाठी मी तुझी जागा देऊन आलो, आणि ती माझी नव्हतीच. घरी येऊन वाघ झालो. तू वारा घालत होतीस तेव्हाच मला कसंनुसं झालं होतं, पण तोंड उघडलं नाही. चुकलो. शिंकेचं नाव मी पुन्हा काढणार नाही.

यावर तू आली नाहीस तरी मी समजेन. म्हणजे समजणार नाही, पण तक्रार करणार नाही. घर फार रिकामं वाटतं गं.

तुझा भाडेकरू

&nbsp;

३० जून १८८६, नव्या फॉर्मवर

हे वरचं पत्र टपालात पडलंच नाही. टपाल निघायच्या आत गाडी दाराशी थांबली. पुढचं तुला माहीत आहे, पण आपल्या घरात आता इतिवृत्त नीट ठेवायचं ठरलंय, म्हणून नोंद करतो.

सभेचं ठिकाण: छापखाना. हजर सभासद: दोन. जुळारीकाका हजर होते, पण ते पाठ करून उभे राहिले.

मालकीणबाईंनी पेटी खाली ठेवून प्रथम चुलीची अवस्था पाहिली. मग "पत्र कुठाय?" असं विचारलं. भाडेकरूनं पाकीट पुढे केलं. बाईंनी ते उभ्यानंच वाचलं, हातात पेन्सिल घेऊन. तीन स्वल्पविराम घातले. 'कसंनुसं' पाशी थोडा वेळ थांबल्या. शेवटी प्रुफावर नेहमी लिहितात तेच खाली लिहिलं, 'छापायला हरकत नाही.'

भाडेकरूनं विचारलं, "म्हणजे मला माफ केल्याचा ठराव मंजूर?"

बाजूने: एक, म्हणजे तो स्वतः. त्यानं दोन्ही हात वर केले होते, एकच धरला.

विरुद्ध: कुणी नाही.

मत राखून ठेवणारे: एक. पेटी मात्र आत नेली.

ज्यांच्यासाठी हे काम आहे त्यांना विचारले काय? होय. पहिल्यांदाच.